माय ढोरं घेऊन नदीवर गेली ते वर्ष

फाल्गुन लागला की आमच्या घरात कोणाला एका जागी बसवत नसे. कडब्याची गंजी तळाला आलेली असायची, गावालगतच्या ओढ्यात पाण्याच्या जागी चिखल उरलेला असायचा आणि कोठ्यात ढोरं नुसती पाय आपटत उभी राहायची. धड बसायची नाहीत, धड रवंथ करायची नाहीत. जंगलात मोहाची फुलं गळायला लागली की पहाटेच्या वाऱ्यावर त्यांचा गोडसर वास यायचा आणि सगळ्या कळपाची तोंडं एकदम त्या बाजूला वळायची.

आमचं गाव आदिलाबाद जिल्ह्यात बोथच्या पलीकडे, जंगलाच्या कडेला. गावातले बाकीचे लोक कापूस आणि ज्वारी करायचे. थोडी शेती आमचीही होती, पण बाबांचा जीव ढोरांत. गोऱ्हे वाढवायचे, त्यांना जुवाची सवय लावायची आणि पेरणीच्या आधी शेतकऱ्यांना बैलजोड्या करून द्यायच्या, हे आमच्या घरचं काम. दूध आधी वासरांचं, उरलेल्याचं तूप. वसंतात कामांची नुसती झुंबड असायची. गाया याच दिवसांत वितात, शेणखत याच दिवसांत शेतात न्यायचं असतं आणि मोठ्या झालेल्या गोऱ्ह्यांना वेसणही याच दिवसांत घालायची असते. ते उरकलं आणि पाडवा झाला, की बाबा आणि आमचा गायकी, म्हणजे गुरं राखणारा माणूस, सगळा कळप घेऊन कडेम नदीच्या वरच्या अंगाला जायचे. तिथे एका ठिकाणी डोह होता, तो कधी आटत नसे. मृगाच्या सुमाराला ते परत यायचे. बायका कधी नदीवर गेल्या नव्हत्या. काऊन नाही जायचं, असं कोणी विचारलंही नव्हतं.

कळप गेला की घर एकदम रिकामं व्हायचं. माय तेव्हा विचित्र वागायची. झाडलेलं अंगण पुन्हा झाडायची. रिकामा कोठा शेणानं सारवायची, जणू उद्या कोणी पाहुणे येऊन तिथे बसणार आहेत. मधेच हातातलं काम टाकून कवाडाशी जाऊन उभी राहायची, आणि मी हाक मारली की दचकायची. मला वाटायचं तिला बाबांची आठवण येते.

मी सांगते आहे त्या वर्षी मी बोथहून दहावी पास होऊन घरी बसले होते. शाळा तेलुगू, घर मराठी, बाजार हिंदी, असं सगळं माझ्या तोंडात एकत्र होतं आणि त्याचा काही उपयोग होत नव्हता. मंचेरियलच्या एका मुलाचं स्थळ आलं होतं. खाणीत नोकरी, राहायला क्वार्टर, घरात नळ. मी त्या मुलाला पाहिलंही नव्हतं, पण त्या नळाचा विचार मात्र रोज करत होते. शेणाचा वास हातावरून जावा म्हणून मी राखेनं हात घासायची. उन्हाळ्यात ते लोक मला पाहायला येणार होते आणि तोवर मला एकेक दिवस ढकलणं जड झालं होतं.

पाडव्याच्या आधी बाबा एका तांबड्या गोऱ्ह्याला वेसण घालत होते. गोऱ्हा खांबाला बांधलेला, गायकी त्याची शिंगं धरून, बाबा नाक टोचायला वाकलेले. दाव्याची गाठ सुटली की दावं तुटलं, ते नंतर कोणालाच नीट सांगता आलं नाही. गोऱ्ह्यानं एकदम अंग टाकलं आणि बाबांचा पाय त्याचं अंग आणि खांब यांच्यामध्ये सापडला. मी चुलीपाशी होते. मला लाकूड मोडल्यासारखा आवाज आला, आणि त्यानंतर बाबा अगदी हळू आवाजात म्हणाले, "धरा त्याले. सोडू नका." ते गोऱ्ह्याबद्दल बोलत होते.

रस्त्यावरून जाणारी जीप थांबवून त्यांना आदिलाबादच्या सरकारी दवाखान्यात नेलं. नळीचं हाड मोडलं होतं. मांडीपर्यंत प्लास्टर घालून त्यांना घरी आणलं आणि ओट्यावर खाट टाकून दिली. ज्या माणसानं दिवसा कधी पाठ टेकली नाही, तो माणूस आता खाटेवर पडून कोठ्याकडे बघत होता. खत कुठे टाकलं, कोणत्या गाईनं पाणी प्यायलं नाही, कवाड उघडं का राहिलं, यावर त्यांचं ओरडणं चालू असायचं. मग ओढ्यातला चिखलही वाळला. माय आणि मी गावच्या विहिरीवरून पाणी आणून हौद भरायचो आणि ढोरं तो डोळ्यादेखत रिकामा करायची.

एका संध्याकाळी बाबांनी सांगून टाकलं, की औंदा ढोरं विकायची. व्यापाऱ्याला निरोप धाडला आहे. पाणी नाही, चारा नाही, नदीवर न्यायला माणूस नाही, गायकी एकटा काय करणार? माय तेव्हा खाटेशेजारी बसून दिव्याची काच पुसत होती.

"मी नेतो," ती म्हणाली. आमच्याकडे बायकाही असंच बोलतात, मी जातो, मी नेतो.

"कुठी?"

"नदीवर. दुसरं कुठी नेतात?"

बाबांनी आधी ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं. मग म्हणाले, "बायामानसाचं काम हाय का ते?"

मायनं काच दिव्यावर बसवली. "वासरू आडवं आलं तर रात्री कोन उठते? कोठा कोन काढते? चालाचंच तर हाय."

दुसऱ्या दिवशी व्यापारी आला, चहा प्याला आणि तसाच परत गेला. बाबांनी त्याला काय सांगितलं ते मला ठाऊक नाही. आत्याला घरी राहायला बोलावलं गेलं आणि मायसोबत मी जायचं ठरलं. मला कोणी विचारलं नव्हतं. मी रडले, पाहुणे येणार आहेत म्हणाले, रंग काळा पडेल म्हणाले. मायनं माझ्या कपड्यांचं गाठोडं बांधून दाराशी ठेवलं.

निघालो तेव्हा पुढे गायकी चालत होता. बाबांपेक्षा वयानं थोडा लहान, कमी बोलणारा. मी त्याला काका म्हणायची. बायका सोबत येणार हे त्याला पसंत नव्हतं आणि ते त्याच्या पाठीवरूनही दिसत होतं. त्याच्यामागे गळ्यात लाकडी घंटा घातलेली म्हातारी कबरी गाय, तिच्यामागे सगळा कळप, आणि शेवटी धुळीत आम्ही दोघी.

हायवे ओलांडायची वेळ आली तिथे पहिला प्रसंग घडला. अर्धी ढोरं पलीकडे गेली आणि अर्धी अलीकडेच अडली. दोन्हीकडून लाऱ्या हॉर्न वाजवत येत होत्या. एक वासरू रस्त्याच्या मधोमध उभं राहून आईला हाका मारत होतं. काका पलीकडे होता. माय डोक्यावरचं गाठोडं माझ्या हातात देऊन सरळ डांबरावर गेली आणि हात वर करून उभी राहिली. गावातल्या गल्लीतही डोक्यावरचा पदर न ढळू देणारी बाई, येणाऱ्या लारीकडे तोंड करून उभी होती आणि पदर खांद्यावर आला होता. लारी थांबली. ड्रायव्हरनं बाहेर डोकं काढून हिंदीत काहीतरी सुनावलं. मायनं त्याच्याकडे लक्षच दिलं नाही. शेवटचं वासरू पार झाल्यावरच तिनं हात खाली घेतला. त्यानंतर काकानं तिला एकदाही, तुमी मागं राहा, असं म्हटलं नाही.

सागाची पानं गळून जंगल मोकळं झालेलं होतं. दूरवरचं दिसायचं. पळस पेटल्यासारखा फुलला होता, पण त्याकडे बघायला सवड कोणाला? मोहाखाली ढोरं थांबली की हलायची नाहीत. फुलं खाऊन सुस्त व्हायची, एकमेकांवर रेलायची. त्यांना ढकलत, हाकलत आम्ही नदीवर पोहोचलो तेव्हा माझ्या पायांना फोड आले होते. माय डोहाकडे गेली आणि पायऱ्या उतराव्यात तशी दगडांवरून उतरत गुडघ्यापर्यंत पाण्यात जाऊन उभी राहिली. ढोरं तिच्या दोन्ही बाजूंनी पाण्यात शिरली.

तिथलं जगणं मी नाखुशीनं शिकले. काटेरी फांद्या ओढून आम्ही ढोरांसाठी वाडगं केलं, आमच्यासाठी सागाच्या डहाळ्यांची झोपडी. डोहाचं पाणी ढोरांसाठी. आमच्यासाठी वाळूत झिरा खणायचा आणि त्यात झिरपलेलं पाणी वाटीवाटीनं भरायचं. सकाळी दूध काढायचं, शेण गोळा करायचं, ताक करायचं. ढोरं चरायला गेली की मी झोपडीत बसून दिवस कधी मावळतो याची वाट बघायची. माय मात्र बसायची नाही. कळपामागे जायची, नाही तर आपली नदीच्या काठाकाठानं चालत जायची आणि परत येताना ओटीत कधी डिंक, कधी चारोळ्या, कधी नुसते गोटे असायचे. जवळच्या गोंड वस्तीतल्या बायकांशी तिची ओळख झाली. त्यांच्याकडून तिनं पाण्याला येर म्हणायचं शिकून घेतलं आणि दिवसभर त्या एका शब्दावर खूश होती.

इंद्रवेल्लीच्या बाजारात आम्ही तूप घेऊन जायचो. तिथे आदिवासींच्या सभेवर झालेल्या पोलीस गोळीबाराला काही वर्षं झाली होती, तरी त्या बाजारात चार माणसं एकत्र उभी राहिली की कोणीतरी आधी इकडेतिकडे बघून घ्यायचं. तिथेच गावाकडचा एक माणूस भेटला. त्यानं बाबांचा निरोप आणला होता. मंचेरियलचे लोक पुढच्या आठवड्यात यायचं म्हणतात, पोरीला धाडून दे. मायनं तिथल्या तिथे उलटा निरोप दिला, पाणी पडल्यावर या म्हणावं. मी परत येताना तिच्याशी एक शब्द बोलले नाही. नळ माझ्या हातातून निसटला असंच मला वाटत होतं.

वणवा लागला तो भरदुपारी. मोहाची फुलं वेचायला सोपं जावं म्हणून लोक झाडाखालचा पाला जाळतात. त्यातलीच एखादी आग वाऱ्यानं टेकडीवर चढली असावी. मी झिऱ्यावर होते. आधी धूर दिसला, मग बांबू फुटल्याचे आवाज यायला लागले. ढोरं टेकडीच्या याच अंगाला चरत होती. काका ओरडत धावला. ढोरं खाली नदीकडे आणायची होती, पण वारा फिरला आणि धूर मधेच आला. पुढची ढोरं नदीकडे आली आणि मागची उधळून पलीकडच्या दरीत उतरली. माय धुरात गेली. मी तिच्या नावानं नाही, नुसतं माय माय असं ओरडत होते. ती बाहेर आली तेव्हा तिनं दोन वासरांना कान धरून ओढत आणलं होतं आणि तिच्या लुगड्याचा काठ करपला होता. आम्ही सगळी ढोरं वाळूत उभी केली आणि आग काठापर्यंत येऊन, खायला काही उरलं नाही म्हणून विझली.

संध्याकाळी पाहिलं तर बरीच ढोरं कमी होती. घंटेवाली कबरीही नव्हती. ती गाभण होती, विण्याला आली होती.

काका उरलेल्या कळपाजवळ थांबला आणि आम्ही दोघी शोधायला निघालो. गावं, वस्त्या, तांडे. जिथे तेलुगू लागायचं तिथे मी बोलायची. आयुष्यात पहिल्यांदा माझं शिक्षण कोणाच्या तरी कामी येत होतं आणि तेही हरवलेल्या ढोरांसाठी. काही एका तांड्यावर सापडली; तिथल्या लोकांनी ती आपल्या गुरांत बांधून ठेवली होती, आम्हाला ताक पाजलं आणि ढोरं दिली. काही नाल्यात पाण्याजवळ आपापली उभी होती. काही एका गावच्या कोंडवाड्यात असल्याचं कळलं.

कोंडवाड्याचा कारकून म्हातारा होता, जुन्या कचेरीतलं उर्दू बोलायचा. त्यानं विचारलं, मालक कोण?

मी बाबांचं नाव सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात माय म्हणाली, "मी."

त्यानं तिला खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि म्हणाला, शिनाख्त करा. म्हणजे ढोरं आपलीच आहेत ते पटवा. मायनं कुंपणापाशी जाऊन रोजच्यासारखी हाक दिली. एकाही ढोरानं मान वर केली नाही. तिनं पुन्हा हाक दिली. एका गाईनं शेपटी हलवली, तीही माशीसाठी. कारकून हसला आणि मग मायलाही हसू आवरेना. मी तिला इतकं हसताना कधी पाहिलं नव्हतं. डोळे पुसून तिनं एकेकाची खूण सांगितली, हिचा कान फाटका आहे, हिच्या मांडीवर भाजल्याचा डाग आहे, याचं डावं शिंग आत वळतं. कारकुनानं फाटक उघडलं.

कबरी तेवढी मिळाली नाही. माय रोज सकाळी निघायची आणि रोज नव्या दिशेनं जायची. मी मागे. जळालेल्या जंगलातून चालताना पाय काळे व्हायचे. एकदा आम्ही घाट चढून इतक्या वर गेलो, की खाली सगळा मुलूख दिसत होता. तिथे गाय कशी येईल, हे मलाही कळत होतं. माय दगडावर बसून बघत राहिली.

"माय, कबरी आता भेटत नाही," मी म्हटलं.

"मले मालूम हाय."

"मंग काऊन फिरून राह्यलो आपण?"

ती पायातला काटा काढल्यासारखं करत राहिली. मग म्हणाली, "घरी गेल्यावर अंगनच झाडाचं हाय, बाई. कवाडापासून चुलीपर्यंत. लग्न झाल्यापासून मी तितलंच चालून राह्यली."

मला ते घर सोडून दुसऱ्या एका घरात जायचं होतं, तिथे नळ होता. तिला कुठे जायचं होतं ते तिलाही सांगता आलं नसतं. उतरताना तिनं एकदाही कबरीला हाक मारली नाही.

मृगाच्या सुमाराला कळप घेऊन आम्ही घरी आलो तेव्हा बाबा काठी टेकत कवाडापर्यंत आले होते. ते ढोरांकडे बघत राहिले, कबरी नाही हे त्यांना दिसलंच असणार. त्यांनी वणव्याबद्दल काही विचारलं नाही. डोहात पाणी किती होतं एवढं विचारलं. माय म्हणाली, "मानेइतकं." मग तिनं डोक्यावरचं गाठोडं उतरवलं आणि आत जाऊन चूल पेटवली. पाऊस पडल्यावर मंचेरियलचे लोक आले, मी पसंत पडले, आणि त्याच हिवाळ्यात लग्न होऊन मी क्वार्टरमध्ये गेले.

पुढच्या वसंतात काय झालं ते मला आत्यानं सांगितलं. बाबांचा पाय भरून आला होता, थोडा लंगडायचा इतकंच. नदीवर निघायच्या दिवशी ते ढोरं हाकायची काठी घेऊन अंगणात आले, तर माय आधीच गाठोडं बांधून बसलेली. दोघंही गेल्यावर घर कोण पाहील, असं त्यांनी विचारलं. "तुमी पाहा," ती म्हणाली. आवाज न चढवता. बाबा खाटेवर बसले आणि मग त्यांनी हातातली काठी तिच्याकडे दिली. त्यानंतर कळप होता तोवर दर वर्षी माय नदीवर गेली. बाबा घरी स्वयंपाक करायचे. सुरुवातीला गाव हसलं, नंतर गावालाही सवय झाली.

नव्वदनंतर हळूहळू सगळं आटोपलं. जंगलात नवी रोपं लावली आणि चराईला मनाई झाली. शेतात ट्रॅक्टर आले, बैलजोडी कोणी विचारेना. काका त्याच्या लेकीकडे निघून गेला. शेवटी दारात दोन गाया राहिल्या. बाबांनी ते शांतपणे घेतलं. मायला जड गेलं.

फाल्गुनात ती माझ्याकडे मंचेरियलला यायला लागली. नळाचं तिला कौतुक वाटलं, पण ते दोन दिवसच. मग ती पहाटे उठून दार उघडायची, बंद करायची, पुन्हा उघडायची. एकदा मी मुलांना शाळेत सोडून आले तर घराला बाहेरून कडी आणि माय नाही. शेजारी विचारलं, गोदावरीकडच्या रस्त्यावर पाहिलं, दुपार झाली. माझा नवरा ड्यूटीवरून आला आणि सायकल घेऊन पुन्हा शोधायला गेला. मी धावत स्टेशनावर गेले, तर एका पॅसेंजर गाडीतून माय उतरत होती. हातात पिशवी, पिशवीत दोन कैऱ्या.

मी तिचा दंड घट्ट धरला. तिला मात्र सांगायची घाई होती. ती बेल्लमपल्लीपर्यंत जाऊन आली होती. खिडकीतून काय काय दिसलं, कोळशाचे डोंगर कसे काळे, मधे एका ठिकाणी पळस कसा अजून फुललेला, डब्यातल्या बाईनं तेलुगूत काय विचारलं आणि आपण काय उत्तर दिलं, सगळं तिनं घरापर्यंत चालता चालता सांगितलं.

"तिकीट तरी काढलं होतं का?" मी विचारलं.

"काढलं ना. येतानीचं बी काढलं." मग जरा थांबून म्हणाली, "दुसऱ्या बाजूनं गेलं, की नदीचा पूल लागते म्हने."

घरी आल्यावर नवऱ्याला मी एवढंच सांगितलं, की माय सापडली. दुसऱ्या दिवशी सकाळी मुलं शाळेत गेल्यावर मी भाकऱ्या आणि चटणी फडक्यात बांधली, दोघींपुरती, आणि घराला कुलूप लावलं.